लाकूड, कात्री, नळी, पितळ

१९११च्या आसपासची गोष्ट. जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरात तिशीतला एक चित्रकार अजिंठ्याच्या चित्रांवरून रेखाटनं करत होता. अजिंठा त्यानं कधी पाहिला नव्हता, पुढेही पाहिला नाही. त्याच्यासमोर होता जॉन ग्रिफिथ्स यांचा दोन खंडांचा ग्रंथ, १८९६-९७ साली छापलेला. त्या ग्रंथातली चित्रं म्हणजे मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांनी १८७२ ते १८८५ या वर्षांत लेण्यांमध्ये बसून केलेल्या प्रतिकृती. या चित्रकाराचं नाव एर्न्स्ट लुडविग किर्शनर. १९११मध्ये त्यानं तळ्याकाठी न्हाणाऱ्या पाच जणींचं एक मोठं चित्र रंगवलं. त्या बायकांची भरदार, वळणदार अंगं पाहिली की अजिंठा आठवतो, आणि तो उगाच आठवत नाही.

जे. जे.च्या मुलांनी अंधाऱ्या लेण्यांत डोळे ताणून केलेलं काम इतक्या लांब जाऊन एका नव्या चळवळीच्या उपयोगी पडलं, याचं मला फार अप्रूप वाटतं. पण खरा प्रश्न पुढचा आहे. ज्या देशात रेल्वे, रसायनांचे कारखाने आणि विजेची यंत्रं झपाट्यानं वाढत होती, तिथल्या तरुणाला दीड हजार वर्षांपूर्वीच्या भिंतींकडे का बघावंसं वाटलं?

आधुनिक जर्मन कलेवर वाचायला घेतलं की नावांची रांगच लागते. एक्स्प्रेशनिझम, दादा, नवी वस्तुनिष्ठता, बाउहाउस, झीरो, नव-एक्स्प्रेशनिझम. ही नावं पाठ करून हाती काही लागत नाही. त्यापेक्षा एक सोपी वाट आहे. कलाकाराच्या हातात काय आहे ते बघायचं. जर्मनीत जवळपास प्रत्येक पिढीनं हातातलं हत्यार बदललं. कधी लाकूड आणि सुरी, कधी कात्री आणि वर्तमानपत्र, कधी पोलादाची नळी. ते का बदललं याचं उत्तर चित्राच्या चौकटीत मिळत नाही. ते त्या वर्षीच्या रस्त्यावर, बाजारात, घरात मिळतं.

सुरुवात रस्त्यापासूनच करू. १८७१ साली जर्मनी एक राष्ट्र झालं तेव्हा बर्लिनची वस्ती आठ लाखांच्या घरात होती. १९०५पर्यंत ती वीस लाखांवर गेली. खेड्यांतून माणसं येत होती, मागच्या अंगणातल्या कोंदट खोल्यांत राहत होती. आणि देशाचा सम्राट दुसरा विल्हेल्म आपल्या पूर्वजांचे संगमरवरी पुतळे बर्लिनच्या एका हमरस्त्यावर ओळीनं उभे करत होता. १९०१मध्ये ते काम पुरं झालं तेव्हा त्यानं भाषण केलं, आणि दैन्य आहे त्याहूनही भेसूर करून दाखवणारी कला गटारात उतरते, अशा अर्थाचं त्यात सुनावलं.

त्याचा रोख कोणाकडे होता हे सगळ्यांना ठाऊक होतं. बर्लिनच्या कामगारवस्तीत एका डॉक्टरची बायको राहत होती, केथे कोलविट्झ. नवऱ्याच्या दवाखान्यात येणाऱ्या बायका, त्यांची अशक्त मुलं, बाळंतपणांनी खचलेले चेहरे ती रोज पाहत होती. सिलेशिया प्रांतातल्या विणकरांनी १८४४मध्ये केलेल्या उठावावर तिनं सहा मुद्राचित्रांची मालिका केली. १८९८च्या मोठ्या प्रदर्शनात परीक्षकांनी तिला पदक द्यायची शिफारस केली आणि सम्राटानं ती फेटाळली. कोलविट्झनं तैलरंग सोडून मुद्राचित्रं का धरली, हे इथे लक्षात घ्यायला हवं. तैलचित्र एकच असतं आणि ते श्रीमंताच्या दिवाणखान्यात जातं. मुद्राचित्राच्या शंभर प्रती निघतात, स्वस्त पडतात, आणि ज्यांची चित्रं काढली त्यांच्या भिंतीपर्यंत पोचू शकतात.

आता किर्शनरकडे परत येऊ. ७ जून १९०५ रोजी ड्रेस्डेनमध्ये वास्तुशास्त्राच्या चार विद्यार्थ्यांनी एक गट काढला. नाव ठेवलं ‘डी ब्रुक्के’, म्हणजे पूल. किर्शनर, एरिश हेकेल, कार्ल श्मिट-रोटलुफ आणि फ्रिट्झ ब्लाइल. चित्रकलेचं रीतसर शिक्षण जवळपास कोणाचंच नव्हतं. कामगारवस्तीतल्या रिकाम्या दुकानांत ते काम करायचे. १९०६मध्ये त्यांनी जाहीरनामा काढला, तो छापखान्यात न जुळवता किर्शनरनं लाकडात कोरला. आशय असा, की आतून जे ढकलतं ते जो थेट आणि खरेपणानं मांडतो, तो आमचा.

लाकूड का, तर लाकूड हाताला विरोध करतं. फळीवर जे पांढरं हवं ते कोरून काढायचं, उरलेल्या उंचवट्यावर शाई लावून कागद दाबायचा. करड्या छटा नाहीत, मऊ सावल्या नाहीत. काळं किंवा पांढरं. सुरी घसरली तर ती घसरलेली दिसते, लाकडाच्या रेषा कागदावर उमटतात. आणि सगळं उलटं कोरावं लागतं, अक्षरंसुद्धा. यंत्रानं गुळगुळीत केलेल्या वस्तूंनी भरलेल्या शहरात या मुलांना हाताचा माग दिसायला हवा होता. शिवाय लाकडी ठसा ही जर्मनीची स्वतःची जुनी परंपरा, पाचशे वर्षांपूर्वीच्या ड्यूरर या चित्रकाराच्या काळापासूनची. त्यांना अजिंठा हवा होता तो याच भुकेपोटी. आकार ठामपणे मांडणारी, अंगाची लाज न बाळगणारी, अकादमीच्या साच्यात न शिकलेली रेघ.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. ड्रेस्डेनच्या मानववंश संग्रहालयात या मुलांनी पलाऊ बेटांवरच्या कोरीव, रंगवलेल्या तुळया पाहिल्या आणि ते भारावून गेले. पलाऊ त्या वेळी जर्मनीची वसाहत होती. ज्या ‘आदिम’ खरेपणाच्या शोधात ते होते, तो त्यांच्यापर्यंत साम्राज्याच्या बोटीतून आला होता. त्या तुळया कोरणाऱ्या माणसांची नावं विचारायचं त्यांच्या मनात आलं नाही.

१९११मध्ये हा गट बर्लिनला गेला आणि चित्रं बदलली. तळी, ऊन, उघडी अंगं गेली. टोकदार कोपऱ्यांचे रस्ते आले. किर्शनरचं १९१४चं ‘पोट्सडामर प्लात्झ’ पाहा. हिरवट रस्ता, मध्ये गोल बेटासारखा फरशीचा तुकडा, त्यावर उभ्या दोन बायका. मागे काळ्या कपड्यातले पुरुष, एकाचा चेहरा दुसऱ्यापासून वेगळा काढता येत नाही. एकीच्या तोंडावर विधवेची जाळी आहे. इतकी माणसं एका चौकात आहेत, पण कोणी कोणाकडे बघत नाही. पहिलं महायुद्ध नुकतंच सुरू झालं होतं.

त्याच सुमारास म्युनिकमध्ये रशियाहून आलेला कान्डिन्स्की आणि निळे घोडे रंगवणारा फ्रान्झ मार्क यांनी ‘निळा घोडेस्वार’ या नावानं १९११मध्ये प्रदर्शन भरवलं. रंगाला वस्तूची गरज नाही, सूर जसा शब्दांशिवाय भिडतो तसा रंग भिडू शकतो, हा त्यांचा ध्यास होता. युद्धानं हा घोळका उधळला. त्यांचा साथीदार आउगुस्ट माके १९१४मध्ये मारला गेला, मार्क १९१६मध्ये व्हर्डूनजवळ. शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून कान्डिन्स्कीला देश सोडावा लागला. त्याची मागे राहिलेली कितीतरी चित्रं पुढे नाझी काळात चित्रकार गाब्रिएले म्युंटरनं मुर्नाऊच्या घरातल्या तळघरात लपवून ठेवली, म्हणून ती आज आहेत. तिची आणि कान्डिन्स्कीची मैत्री तेव्हा केव्हाच तुटली होती, तरी तिनं ते केलं.

युद्धात सुमारे वीस लाख जर्मन सैनिक मेले. हा आकडा मोठा आहे म्हणून तो नुसता वाचून समजत नाही. कोलविट्झच्या घरात तो कसा शिरला ते बघितलं की समजतो. तिचा धाकटा मुलगा पीटर अठरा वर्षांचा. स्वयंसेवक म्हणून भरती व्हायला वडिलांची परवानगी लागत होती, आणि वडील नको म्हणत होते. पीटरनं आईला गळ घातली. आईनं त्याची बाजू घेतली आणि नवऱ्याचं मन वळवलं. ऑक्टोबर १९१४मध्ये, आघाडीवर पोचल्यापोचल्या काही दिवसांतच, पीटर बेल्जियममध्ये मारला गेला.

त्या आईनं पुढची अठरा वर्षं त्याच्या स्मारकावर काम केलं. करायची, मोडायची, बाजूला ठेवायची, पुन्हा हात घालायची. १९३२मध्ये बेल्जियमच्या दफनभूमीत ते उभं राहिलं. दगडातले दोन पुतळे, गुडघे टेकलेले आई-वडील, कोलविट्झचा आणि तिच्या नवऱ्याचा चेहरा असलेले. वडिलांनी स्वतःच्याच अंगाभोवती हात आवळून धरलेत. आई पुढे वाकली आहे. दोघांमध्ये अंतर आहे. मुलाचा पुतळा आधी ठरवला होता, तो शेवटी नाहीच. या स्मारकावर विजय, शौर्य, मातृभूमी यांपैकी काहीही नाही, आणि त्या काळात युरोपभर उभ्या राहणाऱ्या युद्धस्मारकांत ही फार धीट गोष्ट होती.

मधल्या काळात कोलविट्झनंही लाकूड हाती घेतलं. आयुष्यभर एचिंग (धातूच्या पत्र्यावर कोरून छापणं) आणि शिळाछापात मुरलेल्या बाईनं १९२०मध्ये शिल्पकार एर्न्स्ट बारलाखची लाकडी मुद्राचित्रं पाहिली आणि आपल्या दुःखाला हेच माध्यम पेलेल हे तिला कळलं. ‘युद्ध’ मालिकेतल्या सात पानांत एकही लढाई नाही. मूल पुढे धरणारी आई आहे, एकमेकांना बिलगून मुलांभोवती तट झालेल्या बाया आहेत, आणि ढोल वाजवणाऱ्या मृत्यूच्या मागे तंद्रीत निघालेले तरुण आहेत. मृत्यूच्या अगदी शेजारी आहे तो पीटर.

नोव्हेंबर १९१८मध्ये सम्राट हॉलंडला पळाला. प्रजासत्ताक आलं, बायकांना मताचा हक्क मिळाला आणि जानेवारी १९१९मध्ये त्यांनी पहिल्यांदा मतदान केलं. याच वर्षी हाना होख नावाच्या तरुणीनं कात्री उचलली. ती बर्लिनच्या एका मोठ्या प्रकाशनसंस्थेत नोकरीला होती. बायकांच्या मासिकांसाठी विणकामाचे, भरतकामाचे नमुने काढायची. म्हणजे कापणं, जुळवणं, नमुना बसवणं हे तिचं पोटापाण्याचं काम. हाताशी सचित्र साप्ताहिकांचे गठ्ठे. त्या काळात फोटोंनी भरलेली साप्ताहिकं लाखांनी खपू लागली होती. पुढारी, नर्तकी, यंत्रं, दंगली, खेळाडू सगळे एकाच पानावर शेजारी शेजारी. जग असं तुकड्यांत घरी येत असेल तर ते तुकडेच वापरून बोलायचं, ही फोटोमॉन्टाजची साधी कल्पना.

तिचं सगळ्यात गाजलेलं कोलाज माणसाच्या छातीपर्यंत येईल एवढं उंच आहे. त्याच्या लांबलचक नावात ‘स्वयंपाकघरातली सुरी’ आहे, आणि त्या सुरीनं वायमार जर्मनीचं, म्हणजे या नव्या प्रजासत्ताकाचं, बिअर पिऊन सुटलेलं पोट चिरल्याचं ते नाव सांगतं. वर उजवीकडे माजी सम्राट आहे. त्याच्या मिशांच्या जागी दोन कुस्तीगीर चिकटवलेत. मधोमध एका नर्तकीचं शीर नसलेलं शरीर, आणि त्याच्या वर तरंगणारं डोकं कोलविट्झचं. खाली उजव्या कोपऱ्यात एक छोटासा नकाशा आहे, युरोपातल्या ज्या देशांत बायकांना मताचा हक्क मिळाला त्यांचा. त्या नकाशाच्या कडेला होखनं स्वतःचा इवलासा चेहरा चिकटवला आहे. चित्रकार सही जिथे करतात तिथे.

हे कोलाज १९२०मध्ये बर्लिनला ‘दादा’ या बंडखोर कलाचळवळीच्या मेळ्यात लागलं. आधी मात्र काही पुरुष सहकाऱ्यांना होखची कामं तिथे नको होती. जुनं सगळं उलथवायला निघालेल्या मंडळींना ही एक जुनी सवय सोडता येत नव्हती.

‘दादा’ हा शब्द मुद्दामच निरर्थक ठेवलेला. ज्या अर्थपूर्ण, सुसंस्कृत भाषेनं माणसांना खंदकात धाडलं, त्या भाषेवरचा विश्वासच उडाला होता. त्या मेळ्यात छतापासून डुकराच्या तोंडाचा एक लष्करी अधिकारी टांगला होता; त्यावरून खटलाही झाला. चित्रकार ओटो डिक्स मशीनगन चालवून चार वर्षांनी घरी आलेला. त्याच्या १९२०च्या ‘स्काट खेळणारे’ या चित्रात तीन अपंग सैनिक पत्ते खेळतात. एकानं पायाच्या बोटांत पत्ते धरलेत. एकाच्या जबड्याच्या जागी चकचकीत धातू आहे, आणि त्या जबड्यावर डिक्सनं ‘डिक्स मार्का’ अशी चिठ्ठी लिहून स्वतःचा फोटो लावला आहे. पत्ते खरे आहेत, चिकटवलेले. तसे सैनिक तेव्हा बर्लिनच्या आणि ड्रेस्डेनच्या पदपथांवर आगपेट्या विकत बसत.

मग आली महागाई. हा शब्दही इथे अपुरा पडतो. नोव्हेंबर १९२३मध्ये एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क मोजावे लागत होते. आयुष्यभराच्या बचतीत पाव येईना. थुरिंगिया प्रांताला तातडीनं नव्या नोटा हव्या होत्या, त्यांची मांडणी करायचं काम वायमारच्या एका कलाशाळेतल्या विद्यार्थ्याकडे आलं. हर्बर्ट बायर त्याचं नाव. त्यानं नक्षी, मुकुट, देवदेवता सगळं काढून टाकलं. ठसठशीत अक्षरांत आकडा, बस्स. ती शाळा म्हणजे बाउहाउस.

बाउहाउस वॉल्टर ग्रोपियसनं १९१९मध्ये काढलं. चित्रकार आणि कारागीर यांच्यातली भिंत पाडायची, हा त्याचा पहिला संकल्प. त्याच्या पहिल्या जाहीरनाम्यावर लायोनेल फाइनिंगरचं लाकडी ठशातलं कॅथेड्रल होतं. म्हणजे तेव्हा हातात अजून लाकूडच होतं. सहा-सात वर्षांत ते पोलादाच्या नळीवर आलं. मार्सेल ब्रॉयर सायकल चालवायचा. वाकवलेलं हँडल पाहून त्याला सुचलं की खुर्चीही अशीच वाकवता येईल. १९२५च्या त्याच्या खुर्चीत नळीचा सांगाडा आणि ताणलेलं कापड एवढंच आहे. आज कचेऱ्यांत, दवाखान्यांत आपण ज्या नळीच्या खुर्च्यांवर बसतो, त्यांचं मूळ तिथपर्यंत जातं. भावनेचा कल्लोळ पुरे झाला, आता लोकांना राहायला नीट घर, बसायला नीट खुर्ची द्या, अशी ती हवा होती. डेसाऊ शहरात ग्रोपियसनं कामगारांसाठी तीनशेहून जास्त घरांची वसाहत बांधली.

या शाळेतल्या मुलींबद्दल थोडं सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. नव्या राज्यघटनेनं समानता दिली होती, त्यामुळे मुलींनी मोठ्या संख्येनं प्रवेश घेतला. ग्रोपियसनं जाहीरपणे भेद करणार नाही म्हटलं आणि मग बहुतेकींना विणकामाच्या विभागात पाठवलं. मुलींनी त्या विभागाचं सोनं केलं. गुंटा श्टोल्झलच्या हाताखाली तो शाळेच्या सर्वांत यशस्वी विभागांपैकी एक झाला. आनी आल्बर्सनं एका सभागृहासाठी सुती धागा आणि सेलोफेन विणून असं कापड काढलं, की ज्याची एक बाजू उजेड परतवते आणि दुसरी आवाज शोषून घेते. माग चालवणाऱ्या हातांनी पदार्थविज्ञानाचा प्रश्न सोडवला होता.

याच काळात डिक्ससारखे चित्रकार पुन्हा जुन्या जर्मन गुरूंच्या पद्धतीकडे वळले होते. लाकडी फळीवर पातळ रंगांचे थरावर थर, गुळगुळीत, थंड. १९२५मध्ये मानहाइमच्या प्रदर्शनात त्याला नाव मिळालं, नवी वस्तुनिष्ठता. गेऑर्ग ग्रोसच्या १९२६च्या चित्रात समाजाचे आधारस्तंभ रांगेनं उभे आहेत. सर्वांत पुढच्या गृहस्थाच्या हातात बिअर, एका डोळ्याला काच, आणि टायवर स्वस्तिकाचं चिन्ह. हिटलर सत्तेवर यायला अजून सात वर्षं होती.

१९३३ साली ती वेळ आली. ग्रोस काही दिवस आधीच अमेरिकेला निघून गेला होता. डिक्सची प्राध्यापकी गेली, कोलविट्झला अकादमी सोडावी लागली, बाउहाउस बंद पडलं. रूडोल्फ फॉन लायडन हा बर्लिनचा तरुण त्याच वर्षी मुंबईला आला. पुढे व्हिएन्नाहून वॉल्टर लांगहामर आला, एमानुएल श्लेसिंगर आला. युरोपातली नवी कला जवळून पाहिलेली ही माणसं. सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे यांनी १९४७मध्ये प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला, तेव्हा त्यांची चित्रं बघायला, विकत घ्यायला, त्यांवर लिहायला हेच लोक पुढे होते. गोव्याच्या सूझाच्या जाड काळ्या रेषा पाहताना मला बर्लिनचे रस्ते आठवतात, त्यामागे हा धागा आहे.

१९ जुलै १९३७ रोजी म्युनिकमध्ये नाझींनी ‘एन्टार्टेटे कुन्स्ट’, म्हणजे बिघडलेली कला, हे प्रदर्शन उघडलं. एन्टार्टेट हा शब्द जीवशास्त्रातून आलेला. आपल्या जातीच्या गुणांपासून ढळलेलं, बिघडलेलं, असा त्याचा अर्थ. म्हणजे चित्र आवडलं नाही असं ते म्हणत नव्हते. चित्र हा रोग आहे असं म्हणत होते, आणि रोग म्हटलं की पुढचं पाऊल ठरलेलंच असतं. सुमारे ६५० कलाकृती अरुंद, अंधाऱ्या खोल्यांत दाटीवाटीनं टांगल्या. भिंतींवर टवाळीची वाक्यं लिहिली. काही चित्रांखाली संग्रहालयानं मोजलेली किंमत लावली होती, आणि तिथे एक डाव होता. महागाईच्या वर्षांतल्या किमती लाखो-कोटी मार्कांच्या होत्या. त्या वर्षी पावही तेवढ्यालाच मिळत होता, हे चिठ्ठीवर नव्हतं. बघणाऱ्याला वाटावं की आपल्या घामाचे पैसे या रेघोट्यांवर उधळले. प्रवेश फुकट. वीस लाखांवर माणसं येऊन गेली.

तिथे कामं लागलेल्या ११२ कलाकारांपैकी ज्यू होते फक्त सहा. पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर ओटो फ्रॉइंडलिशचं शिल्प होतं. १९४३मध्ये त्याला छळछावणीत मारण्यात आलं. एमिल नोल्डे नाझी पक्षाचा सदस्य होता, ज्यूद्वेष उघड बोलून दाखवायचा, तरी त्याच्या हजारावर कलाकृती संग्रहालयांतून उचलल्या गेल्या. आधुनिक चित्रकार म्हणजे सगळे सज्जन असं समजणाऱ्यानं नोल्डे विसरू नये. किर्शनरच्या सहाशेहून जास्त कलाकृती जप्त झाल्या. तो तेव्हा स्वित्झर्लंडमध्ये डावोसजवळ राहत होता. जून १९३८मध्ये त्यानं स्वतःचं आयुष्य संपवलं. त्याआधीच्या दिवसांत त्यानं आपले लाकडी ठसे आपल्याच हातांनी नष्ट केले होते.

१९४५नंतर दोन जर्मनी झाल्या. पूर्वेत कामगार-शेतकऱ्यांची भव्य चित्रं काढायची सक्ती आली, पश्चिमेत अमूर्ताची लाट. पश्चिमेला अमूर्त सोयीचंही होतं. नुसत्या रंगाच्या पट्ट्यांना तू युद्धात काय करत होतास असं कोणी विचारत नाही. बॉम्बहल्ल्यांत जमीनदोस्त झालेल्या कासेल गावी १९५५मध्ये डॉक्युमेंटा हे प्रदर्शन भरलं. म्युनिकमध्ये ज्याची टवाळी झाली होती ते विल्हेल्म लेमब्रुकचं गुडघे टेकलेल्या स्त्रीचं शिल्प आता मानाच्या जागी ठेवलं गेलं. मोठी गोष्ट होती. पण ज्या ज्यू चित्रकारांचे खून झाले त्यांना तिथे जवळपास जागाच मिळाली नाही, आणि प्रदर्शनाची वैचारिक बाजू सांभाळणारा वेर्नर हाफ्टमान स्वतः नाझी पक्षात होता, हे अलीकडे उजेडात आलं.

ही गप्प राहण्याची सवय मोडायला एक पिढी जावी लागली. १९६३ ते ६५ या काळात फ्रँकफर्टमध्ये आउश्विट्झ छळछावणीच्या पहारेकऱ्यांवर खटला चालला. वर्तमानपत्रांत साक्षी छापून येऊ लागल्या, आणि तरुण मुलं जेवणाच्या टेबलावर बापाला प्रश्न विचारू लागली. १९६५मध्ये चित्रकार गेरहार्ड रिश्टरनं घरच्या अल्बममधून दोन फोटो काढले. तो मूळचा ड्रेस्डेनचा, बर्लिनची भिंत उभी राहण्याच्या काही महिने आधी पश्चिमेला पळून आलेला. एका फोटोत रुडीमामा, सैन्याचा लांब कोट घालून हसतोय. दुसऱ्यात मारियानमावशी, किशोरवयीन, तिच्यापुढे बाळ गेरहार्ड. मामा युद्धात मेला. मावशीला मनोरुग्ण ठरवून तिची नसबंदी केली आणि १९४५मध्ये तिला मारून टाकलं. ‘जगायला नालायक’ ठरवलेल्यांना मारण्याची नाझींची योजना होती.

रिश्टरनं हे फोटो करड्या तैलरंगांत जसेच्या तसे उतरवले, आणि रंग ओला असतानाच कोरड्या ब्रशनं हलकेच पुसटले. इथे हातातलं हत्यार आहे हा पुसट फराटा. चेहरा ओळखू येतो, पण धरता येत नाही. डोळे बारीक करून बघितलं तरी स्पष्ट होत नाही. एकाच घरात मारणाऱ्या सैन्यातला मामा आणि मारली गेलेली मावशी, दोघं एकाच अल्बममध्ये, दोघांवर माया. त्या पिढीची नजर अशीच होती. रुडीमामाचं चित्र आज चेक देशातल्या लिडित्सेमध्ये आहे, जे गाव १९४२मध्ये जर्मनांनी समूळ नष्ट केलं.

शिल्पकार योझेफ बॉइसनं चरबी, नमदा, मध अशा वस्तू वापरल्या. प्रवेश नाकारलेल्या सगळ्या विद्यार्थ्यांना आपल्या वर्गात घेण्याच्या हट्टापायी १९७२मध्ये त्याची प्राध्यापकी गेली. मला त्याचं उतारवयातलं एक काम सर्वांत जवळचं वाटतं. १९८२मध्ये कासेलच्या संग्रहालयापुढे त्यानं बसाल्टच्या सात हजार शिळांचा ढीग रचला. अट अशी, की शहरात एक झाड लावलं की ढिगातली एक शिळा उचलून त्या झाडाशेजारी रोवायची. ढीग नको असेल तर झाडं लावा. १९८६मध्ये बॉइस गेला. पुढच्या वर्षी शेवटचं झाड त्याच्या मुलानं लावलं. बॉम्बनं उजाड झालेल्या त्या शहरात आज ती झाडं शिळांच्या कितीतरी वर गेली आहेत.

आणि शेवटी पितळ. गुंटर डेम्निग या कलाकारानं १९९०च्या दशकात काँक्रीटचे छोटे ठोकळे बसवायला सुरुवात केली. वर दहा सेंटिमीटर लांब-रुंद पितळी पत्रा, त्यावर हातानं, एकेक अक्षर ठोकून काढलेला मजकूर. ‘इथे राहत होती’, मग नाव, जन्मसाल, कधी पकडून नेलं, कुठे मारलं. ज्या घरातून त्या माणसाला नेलं त्याच्या दारासमोरच्या पदपथात तो ठोकळा फरशीच्या पातळीत बसवतात. आता असे एक लाखाहून जास्त ठोकळे युरोपभर आहेत. म्युनिकनं सार्वजनिक पदपथांवर ते बसवू दिले नाहीत. तिथल्या ज्यू समाजाच्या अध्यक्षांचंच म्हणणं होतं की मेलेल्यांची नावं पायदळी जाऊ नयेत. हा आक्षेप मला पटतो. आणि तरीही मजकूर वाचायला माणसाला वाकावं लागतं, हेही तितकंच खरं.

पितळ काळवंडतं. घरच्या समईवरून आपल्याला ते ठाऊक आहे. १९३८मध्ये ९ नोव्हेंबरच्या रात्री ज्यूंची प्रार्थनामंदिरं आणि दुकानं जाळली गेली होती. दर वर्षी त्या दिवसाच्या सुमारास जर्मनीतल्या गल्ल्यांमध्ये लोक फडकं आणि पॉलिश घेऊन खाली येतात, थंडीत पदपथावर गुडघे टेकून बसतात आणि आपल्या दारासमोरचं नाव लख्ख होईपर्यंत घासतात.